दोषांचे गुण : भूमिकाखेळातील भरपाईचा प्रश्न

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेम्स, म्हणजे भूमिकाखेळ, यांत खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला आपले पात्र रचावे लागते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या 'गर्प्स' या खेळाच्या नियमांनुसार पात्राचा एक डोळा गेलेला आहे असे ठरविल्यास खेळाडूच्या पदरात 15 गुण पडतात. त्याच 15 गुणांत त्याला युद्धप्रसंगीची उपजत सावधानता विकत घेता येते. एक डोळा गेला, चपळ प्रतिक्रिया आली. हिशेब चुकता झाला. हा हिशेब कोणी कोणाशी केला, हा प्रश्न मात्र या खेळांविषयीच्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. तेथील चर्चा समतोलाची असते. अमुक दोषाला 10 गुण जास्त होतात की कमी, एवढ्यापुरती ती मर्यादित राहते. वस्तुतः दोष आणि सामर्थ्य एकाच मापाने मोजता येतात, हे गृहीतच मुळात नैतिक स्वरूपाचे आहे. सद्गुणाला आणि परीक्षेतील प्राप्तांकाला एकच शब्द वापरणाऱ्या मराठीत तर 'दोषाला गुण मिळतात' हे वाक्य उच्चारताक्षणीच त्यातील विसंगती कानाला जाणवते. गोंधळ टाळण्यासाठी येथून पुढे हिशेबातील गुणांना 'अंक' म्हणणे सोयीचे ठरेल.

ही देवघेव या खेळप्रकाराच्या जन्मापासूनची नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्राच्या सहा क्षमता तीन फाशांच्या बेरजेवर ठरत. पात्र दुबळे निघाले तर ते दुबळे. त्याची भरपाई मागण्याची सोय नव्हती, आणि मागावी कोणाकडे हाही प्रश्नच होता. दैवदत्त उणेपणाला तक्रारीचा पत्ता नसतो. 1981 साली जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या 'चॅम्पियन्स' या खेळाने फासे बाजूला सारून पात्ररचना खरेदीच्या तत्त्वावर आणली आणि दोषांना भांडवलाचे रूप दिले. हा खेळ अमेरिकी चित्रकथांतील महानायकांचा असल्यामुळे तेथे ते स्वाभाविकही होते. सुपरमॅनला क्रिप्टोनाइट हवेच. त्याशिवाय त्याची कथाच संभवत नाही. मात्र चित्रकथेत जी कथनाची गरज होती ती नियमपुस्तकात येताच विनिमयाची वस्तू झाली. उणेपण आता दैवाने लादलेले राहिले नाही. खेळाडू ते स्वतः निवडतो आणि त्याचा मोबदला आधीच घेतो.

या व्यवहाराला मराठीत 'उचल' हा नेमका शब्द आहे. काम पुढे, पैसा आधी. उचल घेणाऱ्याला काम टाळण्याचा मोह होतो आणि देणाऱ्याला वसुलीची चिंता लागते. या खेळांतही तेच घडले. वाळवंटात घडणाऱ्या कथेसाठी समुद्राची भीती हा दोष घेणारा खेळाडू नियम मोडत नाही. तो केवळ उचल घेऊन पसार होतो. खेळ चालविणाऱ्या सूत्रधाराला मग कथेत कोठून तरी समुद्र आणावा लागतो, म्हणजे कथाकाराचे काम सोडून सावकाराचे काम पत्करावे लागते. जी मर्यादा प्रत्यक्षात मर्यादा घालत नाही तिला अंक नाहीत, असे तत्त्व 'चॅम्पियन्स'ने सांगितले, पण ते सांगावे लागले यातच सारे आले. 'गर्प्स'च्या 1988 च्या तिसऱ्या आवृत्तीत 100 अंकांच्या पात्राला दोषांपासून सर्वसाधारणपणे 40 अंकांहून अधिक मिळविता येत नाहीत. 'व्हॅम्पायर : द मास्करेड'च्या परंपरेत ही मर्यादा 7 अंकांची आहे. या मर्यादांचा अर्थ थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. दोष आणि त्याचा मोबदला यांचे मूल्य खरोखरच समान असेल तर असे कितीही व्यवहार झाले तरी समतोल ढळण्याचे कारण नाही. सममूल्य विनिमयाला कमाल मर्यादा घालावी लागत नाही. ती घालावी लागते याचा अर्थ असा, की व्यवहार विषम आहे हे नियमकर्त्यालाच ठाऊक आहे आणि समतोल हा येथे सिद्धान्त नसून आटोक्यात ठेवलेली लबाडी आहे.

ही विषमता गणिताच्या चुकीतून आलेली नाही. तिचे मूळ दोषाच्या स्वरूपातच आहे. संस्कृत काव्यशास्त्राने नित्य आणि अनित्य असे दोषांचे दोन प्रकार मानले. श्रुतिदुष्टत्व, म्हणजे कानाला खुपणारी कठोर वर्णरचना, शृंगारात दोष ठरते. रौद्रात तीच उपकारक असते. दोष वस्तूत नसतो, तो प्रधान रसाशी असलेल्या नात्यात असतो, ही आनंदवर्धनाची दृष्टी येथे तंतोतंत लागू पडते. समुद्रभय हा अनित्य दोष आहे. त्याची किंमत कथा सुरू होण्यापूर्वी ठरविणे म्हणजे काव्य लिहिले जाण्याआधी त्याच्या दोषांची यादी करणे होय. 'चॅम्पियन्स'च्या कर्त्यांनी यावर जो उपाय योजला तो कल्पक आहे. पात्राच्या पाठीमागे एखादा शत्रू लागलेला असेल तर प्रत्येक प्रसंगी तीन फासे टाकायचे. बेरीज 8 किंवा कमी आली तर तो प्रकट होतो. अधिक अंक हवे असतील तर 11 किंवा कमी, त्याहूनही अधिक हवे असतील तर 14 किंवा कमी. या तिन्हींच्या शक्यता अनुक्रमे सुमारे 26, 62.5 आणि 91 टक्के. संदर्भाची अनिश्चितता अशा रीतीने सरासरीत बसविली जाते. दोषाचे अनित्यत्व मान्य करून त्याची वारंवारिता मोजण्याचा हा प्रयत्न आहे. पण सरासरीने दोष किती वेळा बोचेल एवढेच सांगता येते. कोणत्या क्षणी बोचेल ते नाही, आणि कथेच्या दृष्टीने क्षणालाच महत्त्व असते.

अधिक गंभीर अडचण वेगळीच आहे. 'गर्प्स'च्या उणिवांच्या यादीत लोभ आहे, शीघ्रकोप आहे, आणि त्यांच्याच रांगेत प्रामाणिकपणा, सत्यवचन, कर्तव्यबुद्धी, अहिंसा हेही आहेत. प्रामाणिकपणाचे 10 अंक, शीघ्रकोपाचेही 10. लोभाचे 15, आणि कोणाचाही जीव न घेण्याच्या व्रताचेही 15. पात्राच्या कृतीचा अवकाश जे जे संकुचित करते ते ते उणे, अशी त्यामागची व्याख्या आहे. या व्याख्येला नीतिशून्य म्हणून धुडकावणे सोपे आहे, पण ते घाईचे होईल. सद्गुण महाग पडतो, सचोटीच्या माणसाला जे दरवाजे बंद असतात ते इतरांना उघडे असतात, हे जीवनातील कटू सत्य कित्येक नीतिपर ग्रंथांपेक्षा ही यादी अधिक निःसंकोचपणे नोंदविते. आक्षेप घ्यावयाचा तर तो पुढच्या पायरीवर घ्यावा लागतो. महाग पडलेल्या सद्गुणाची किंमत येथे परत केली जाते. ज्याला किंमत असते त्याच्या जागी समतुल्य दुसरे काही ठेवता येते, आणि ज्याच्या जागी असे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, हा भेद कांटने 1785 साली केला. त्याच्या कसोटीवर 10 अंकांचा प्रामाणिकपणा टिकत नाही.

यावर खेळाच्या बाजूने एक उत्तर देता येते, आणि ते दुर्बल नाही. अंक खेळाडूला मिळतात, पात्राला नव्हे. एकाक्ष योद्ध्याला हे ठाऊक नसते की त्याची चपळाई त्याच्या डोळ्याच्या मोबदल्यात आली आहे. प्रामाणिक व्यापाऱ्याला आपल्या सचोटीबद्दल काहीही परत मिळालेले नसते. त्यांच्या जगात या दोन गोष्टींमध्ये कसलाही कार्यकारणभाव नाही. सोसणारा एक आणि मोबदला घेणारा दुसरा, अशी ही रचना आहे. कादंबरीकार आपल्या नायकाला दारिद्र्य देतो आणि त्या बदल्यात कादंबरीला गहिरेपण मिळवितो, तेव्हा तोही हेच करीत असतो. तथापि कादंबरीकार नायकाच्या जागी बसून जिंकू इच्छीत नाही. भूमिकाखेळातील खेळाडू एकाच वेळी निर्माता असतो आणि निर्मितीचा पक्षपाती वकीलही. त्यामुळे त्याच्या हाती आलेला मोबदला अखेर पात्राच्याच तलवारीत उतरतो, आणि वरवर अभेद्य वाटणारी ती भिंत पाझरू लागते.

भरपाईची ही कल्पना खेळापुरती राहिली असती तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. 'गर्प्स'मध्ये अंधत्वाचे 50 अंक आहेत. ज्याची दृष्टी गेली त्याला दुसरे काही विलक्षण लाभले असलेच पाहिजे, ही समजूत या आकड्याहून कितीतरी जुनी आहे. 1964 साली अवतरलेला 'डेअरडेव्हिल' हा चित्रकथेतील अंध नायक तिचेच अपत्य होय. मराठीतील 'प्रज्ञाचक्षू' या आदरार्थी शब्दातही तीच भरपाई दडलेली आहे, आणि गेल्या दशकात शासकीय व्यवहारात रूढ झालेल्या 'दिव्यांग' या शब्दात तर ती उघडच आहे. या शब्दांमागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या अंध व्यक्तीपाशी प्रज्ञेचा वेगळा डोळा नाही, जी इतरांइतकीच सामान्य आहे, तिने काय करावे? हिशेबाची सवय लागलेल्या नजरेला तिच्या खात्यात तूट दिसू लागते. उणेपणाला मोबदला असतोच असे मानणारी दृष्टी करुणेच्या वेषात येते. मोबदला न दिसल्यास मात्र तीच दृष्टी समोरच्याला अपुरा ठरविते. नुकसानभरपाई हा न्यायाचा विषय आहे. ती कोणीतरी कोणाला तरी द्यावयाची असते. निसर्गाने ती परस्पर देऊन टाकली आहे असे मानले की देणे लागणारा समाज निश्चिंत होतो.

नव्या शतकातील खेळांनी उचलीची पद्धत बरीचशी सोडली. फ्रेड हिक्स आणि रॉब डोनह्यू यांच्या 'फेट' या खेळात दोषाचे मोल आगाऊ मिळत नाही. ऐन प्रसंगी दोषामुळे पात्र अडचणीत येणार असेल तर सूत्रधार खेळाडूपुढे एक 'फेट पॉइंट' ठेवतो. खेळाडूने तो घेतला तर अडचण स्वीकारायची. नाकारायचा असेल तर स्वतःजवळचा एक द्यायचा. उचलीची जागा रोजंदारीने घेतली. अनित्य दोषाची अडचण येथे जवळजवळ सुटते, कारण वाळवंटात समुद्र नसेल तर मोबदलाही नाही. सूत्रधाराची सावकारी संपते. एवढेच नव्हे, तर खेळाडू स्वतःच आपल्या पात्राला संकटात लोटण्याच्या संधी शोधू लागतो. कथेला याचा लाभ होतो यात शंका नाही. तरीही काहीतरी निसटते. मद्यपी पात्राने पुन्हा पेला उचलला की खेळाडूच्या पुढ्यात एक नाणे पडते, आणि पुढे कधीतरी निर्णायक क्षणी तेच नाणे त्या पात्राला तारते. प्रत्येक अधःपतन म्हणजे भावी विजयाची गुंतवणूक. एमर्सनने 1841 च्या 'कॉम्पेन्सेशन' या निबंधात सृष्टीत प्रत्येक उण्याला अधिकाची जोड असते असा जो विश्वास मांडला, तो अमेरिकी भूमीतच वाढलेल्या या खेळप्रकारात यंत्रणा होऊन बसला आहे. असल्या सृष्टीत शोकान्तिका संभवत नाही. इडिपसला त्याच्या प्रमादाबद्दल कोणी काही देत नाही. त्याचे शहाणपण आणि त्याचा नाश यांच्यात देवघेव नाही. ज्या शोधकबुद्धीने तो कोडे सोडवितो तीच त्याला स्वतःच्या जन्मापर्यंत नेते.

हा प्रकार भूमिकाखेळाच्या आवाक्याबाहेरचा आहे असे मात्र नव्हे. 'चॅम्पियन्स'ने दोषांचा बाजार मांडला त्याच 1981 साली सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुलू' प्रसिद्ध झाला. त्यातील पात्रे सामान्य माणसे असतात आणि विश्वामागील भयानक सत्याचा मागोवा घेतात. त्या सत्याचे ज्ञान हे तेथे एक कौशल्य आहे. ते आकड्यात मोजले जाते आणि खेळताना वाढते. मनःस्वास्थ्याचाही आकडा असतो, आणि त्याची कमाल मर्यादा 99 मधून ते ज्ञान वजा करून काढतात. ज्ञान 10 झाले की ते पात्र 89 च्या वर कधीच सावरू शकत नाही. या वजाबाकीला समतोल म्हणता येणार नाही, कारण तेथे दोन बाजू नाहीत. मिळते ते आणि गमावते ते एकच आहे. आणि हे माहीत असूनही खेळाडू पुढचे पान उलटतो.