अडलेल्या कामाची जागा

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या हिंजवडीतली कितीतरी माणसं लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतली. मी मराठवाड्यातल्या कन्नड या माझ्या गावी आलो. आमच्या टीममधलं कुणी लातूरला गेलं, कुणी जळगावला, काही जण पुण्यातच राहिले. एका मजल्यावर बसणारे आम्ही असे पांगलो, आणि सगळ्यांनी रोज भेटण्याची जागा उरली ती ब्राउझरमधला एक बोर्ड. त्यावर ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’ असे रकाने, आणि प्रत्येक कामाचं एक कार्ड. आम्ही त्याला तिकीट म्हणतो. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी कामं ठरायची आणि रोज सकाळी स्टँडअप या छोट्या बैठकीत त्यांचा आढावा व्हायचा. असे बोर्ड पुरवणाऱ्या जिरा, ट्रेलो यांची नावं आता आयटीतल्या बहुतेकांच्या घरी ठाऊक झाली आहेत.

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कामात अडला, तर ते न सांगता कळतं. तो स्क्रीनकडे बघत गप्प बसतो, चहाला उठत नाही. शंभर कोसांवरच्या माणसाचं अडणं असं दिसत नाही. म्हणून आमच्या बोर्डावर आणखी एक रकाना होता, ‘ब्लॉक्ड’, म्हणजे अडलेलं. बोर्ड नव्याने वापरणाऱ्यांचं लक्ष ‘झालं’ या रकान्याकडे असतं. कन्नडहून काम करताना माझं मत ठाम झालं की टीमची खरी प्रकृती या अडलेल्या कामांच्या रकान्यावरूनच कळते.

तो रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो, आणि त्याचं कारण कामं सुरळीत चालली आहेत हे नसतं. अडलो असं सांगणं म्हणजे येत नाही असं कबूल करणं, हे आपल्या मनात शाळेपासून बसलेलं आहे. त्यातून तालुक्याच्या गावात मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला इंग्रजी स्टँडअपमध्ये दोन वाक्यं बोलायचीही धास्ती वाटते. ‘काम सुरू आहे’ एवढं म्हणून तो सुटका करून घेतो आणि रात्री एकटाच त्या कोडशी झुंजत बसतो. अशा मुलाला बोर्डाचा मोठा आधार होऊ शकतो. कार्ड सरकवायला इंग्रजी सफाईदार असावं लागत नाही. आमच्या टीममधला असाच एक अबोल मुलगा कार्डावर अडचण नीट, मुद्द्यांनी लिहू लागला, तेव्हा त्याची समज किती खोल आहे ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

कामाची कार्डं लावायची ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांनी जपानच्या टोयोटा कारखान्यातून घेतली. ताईची ओहनो यांनी तिथे कानबान रुजवलं. पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागच्या टप्प्याने बनवायचं, आणि ते मागायचं कार्डाने. त्याच कारखान्यात एक दोरीही असते. काही चुकलं, अडलं, तर साधा कामगारही ती ओढतो, प्रमुख त्याच्याजवळ धावून येतो, आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर जुळणीची सगळी रांग थांबते. याची मुळं साकिची टोयोदा यांच्या मागात आहेत. १९२४ साली त्यांनी पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणलंच जात नसे. थांबणं हा तिथे कामाचाच भाग आहे. आपण कार्डं आणि रकाने उचलले, पण दोरी ओढणाऱ्याला मिळणारा मान आणायचा बहुतेक ठिकाणी राहून गेला.

अडलेलं झाकलं की वरिष्ठांना काम हळू चाललंय एवढंच दिसतं, आणि ते आणखी कामं देतात. इथे मला आमचा घाट आठवतो. कन्नडचा औट्रम घाट मराठवाड्यातून चाळीसगावकडे, खानदेशात उतरतो. सोलापूर-धुळे महामार्ग त्यातूनच जातो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने दरड कोसळली आणि तो बंद पडला. एरवीही एखादा ट्रक वळणावर बंद पडला की दोन्हीकडे रांगा लागायच्या. तेव्हा वरून आणखी गाड्या सोडून कुणीच लवकर पोहोचत नसे. आधी तो ट्रक हलवावा लागायचा. रांगेत किती कामं आहेत आणि एका कामाला किती वेळ लागतो, यांचं नातं जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलं. एखादी टीम आठवड्याला पाच कामं संपवत असेल आणि वीस कामं उघडी असतील, तर एका कामाला सरासरी चार आठवडे लागतात. वेग तोच ठेवून उघडी कामं दहावर आणली, तर दोनच. म्हणून ‘चालू’ या रकान्याला मर्यादा घालणं आणि अडलेलं आधी सोडवणं या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे स्प्रिंट-स्टँडअप ज्यात मोडतात त्या कामपद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यात पहिलंच मूल्य आहे ते माणसांना आणि त्यांच्या संवादाला, पद्धती आणि साधनांपेक्षा वर मानण्याचं. बोर्ड हे साधन आहे. कोणी किती कार्डं संपवली याचा हिशेब वरिष्ठ त्यावरून मांडू लागले, की माणसं सोपी कार्डं उचलतात, मोठ्या कामाचे उगाच तुकडे पाडतात आणि सहकाऱ्याला मदत करायचं टाळतात, कारण त्या मदतीचं कार्ड नसतं. बोर्ड भरलेला दिसतो, पण त्यावरून खरं काही कळत नाही.

आज कन्नडसारख्या गावांतून अनेक मुलं-मुली दूरच्या टीमसाठी काम करत आहेत. त्यांना नेमणाऱ्यांनी बोर्ड कोणता घ्यायचा यावर जरूर विचार करावा. पण एखाद्या मुलीचं कार्ड ‘ब्लॉक्ड’मध्ये गेल्यावर तिला पहिला फोन मदतीचा जाणार की जाब विचारणारा, हे त्याआधी ठरवावं. मदतीचा जाणार असेल, तर भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवरही काम उत्तम चालेल. जाब विचारणारा जाणार असेल, तर दुसऱ्या दिवसापासून बोर्डावर तिचं अडलेलं काम दिसणार नाही, आणि ते सोडवायला कुणी जाऊही शकणार नाही.