अक्षता राहिल्या म्हणून दोष टळतो का?

शंका : मुलगी सोळा वर्षांची. साखरपुडा करून तिला सोलापुरात मुलाच्या घरी नांदायला आणले. अक्षता अठरा पूर्ण झाल्यावर टाकायच्या. लग्नच लागले नाही, तर दोष कसला?

समाधान : सिद्धेश्वराच्या यात्रेत कुंभारकन्येचे योगदंडाशी लग्न लागते, अक्षता पडतात, संसार होत नाही. तसाच अक्षतांवाचून संसार होऊ शकतो, आणि कायदा पाहतो तो संसार. अक्षता लांबवल्याने फार तर २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा दूर राहील. २०१२चा पॉक्सो कायदा केवळ वय मोजतो. अठराच्या आतल्या मुलीची संमती त्याच्या लेखी संमतीच नव्हे. शरीरसंबंध आला की सोळा ते अठरा वयासाठी किमान १० वर्षे आणि सोळाच्या आत किमान २० वर्षे कैद आहे. माहीत असून पोलिसांना न कळवणारे घरचेही गुन्ह्यात येतात. लग्न लावले असते तरी सुटका नव्हती. पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी ठरवले.

‘लिव्ह-इन’ म्हणूनही हे घर टिकत नाही. विवाहसदृश नात्यात दोघांचे वय लग्नाचे असावे, ही अट त्याच न्यायालयाने २०१० मध्ये घातली. दोघे सज्ञान असून मुलगा एकविसाच्या आतला असेल, तर मात्र लग्नाविना एकत्र राहणे गुन्हा नाही.

धर्माचे नाव तर घेऊच नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी गृह्यसूत्रांतल्या चतुर्थीकर्माकडे बोट दाखवले आहे : विवाहाच्या चौथ्या रात्री पतिपत्नींनी एकत्र येण्याचा तो विधी वधू लहानगी असेल तर संभवतच नाही. बालवधू ही मागाहून चिकटलेली रूढी.

ती पोसली दक्षिणेने. पत्रिकेसाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत विचारणारे, छत्तीस गुण जुळवणारे, नाडीदोषावर शांत सुचवणारे गुरुजी जन्मसाल मोजायचे तेवढे विसरतात! शाळेचा दाखला कुणी मागत नाही. मुहूर्त मात्र अचूक निघतो, पाकीटही अचूक पोहोचते. असे लग्न लावणाऱ्याला, मग तो भटजी असो की जंगम, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

नांदवणे आजच थांबवावे, मुलीला माहेरी आणि शाळेत परत पाठवावे. घरचे ऐकत नसतील तर मुलीने किंवा शेजाऱ्यांनी १०९८ वर फोन करावा. खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) सांगावे.