१२०व्या मिनिटाचा न्याय

२०१४चा विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी. कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टी शूटआउट अटळ दिसताच नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी शेवटच्या क्षणी चक्क गोलकीपर बदलला. नव्याने आलेल्या टिम क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या. व्हान गाल ‘जीनियस’ ठरले.

२०२१, वेम्बली, युरोची अंतिम लढत. इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेट यांनीही अगदी शेवटी, खास पेनल्टीसाठी, रॅशफर्ड आणि सँचोला उतरवलं. रॅशफर्डचा फटका खांबाला लागला, सँचोचा अडवला गेला, मग साकाचाही. साउथगेट मूर्ख ठरले.

दोन्ही निर्णयांची जात एकच. मग आपण क्रमवारी लावतो ती विचाराची, की खांबाची?

कुणी म्हणेल, कोचला पगार निकालासाठीच मिळतो. खरंय. निकालाची जबाबदारी त्याचीच. साउथगेट यांनी ती लगेच घेतली, आणि त्या तिघा कृष्णवर्णीय पोरांवर वर्णद्वेषी शिव्या कोसळत असताना ती घेणं मोलाचं होतं. पण जबाबदारी वेगळी आणि लायकी वेगळी. लायकी तोलायची, तर निर्णय घेताना त्या माणसाला काय ठाऊक होतं, यावर तोलावी. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये नशिबाचं देणंघेणं बरंचसं फिटतं. पाच पेनल्टींत नाही.

‘टॉप टेन कोच’ची यादी शेअर करण्याआधी एवढंच विचारा: तो चेंडू वीतभर आत असता, तर हाच माणूस कितव्या नंबरवर असता?