दुखणं म्हणजे तप नव्हे



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 5 आणि 6.

सतरावा अध्याय श्रद्धेचा. आहार, यज्ञ, तप, दान या प्रत्येकाचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार त्यात येतात. पण तपाचं वर्णन सुरू करण्याआधीच भगवंत एक इशारा देऊन ठेवतात. भावार्थ असा : काही लोक शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करतात. त्यामागे दंभ असतो, अहंकार असतो. ते स्वतःच्या शरीराला छळतात, आणि त्या शरीराच्या आत राहणाऱ्या मलाही छळतात. अशांचा निश्चय आसुरी समजावा.

हे श्लोक मी आधी बरेचदा वाचलेत. दरवेळी डोळ्यांसमोर एका पायावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला कोणी राक्षस यायचा. हिरण्यकशिपू वगैरे. आपला काय संबंध, म्हणून पुढे जायचो. या वेळी वाचताना माझा उजवा पाय दोन उशांवर होता आणि अंगठ्याच्या सांध्यात नवा इम्प्लांट होता. या वेळी पुढे जाता आलं नाही.

थोडं मागे जातो. कॉलेजात फुटबॉल खेळताना अंगठा जोरात दुमडला होता. आठवडाभर सुजला, मग विसरलो. पस्तिशीच्या आत तोच सांधा झिजला. चालताना टाच उचलली की पाऊल पुढे ढकलायला अंगठा मुळातून वर वाकावा लागतो. माझा वाकेनासा झाला. वर हाड वाढून टेंगूळ आलं. मी काय केलं? पाऊल बाहेरच्या कडेवर टाकायला शिकलो. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर मूळ बग तसाच ठेवून वर पॅच मारला. मग गुडघा आणि कंबरही कुरकुरायला लागली.

त्या अवस्थेत मी गेल्या आषाढीत माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. दिवे घाट चढताना प्रत्येक पावलाला कळ येत होती. हडपसरच्या पुढे काही पोरं रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांचे पाय चेपत होती. एकाने हाक मारली, "माऊली, द्या पाय, तेल लावतो." मी म्हणालो, "नको नको, मला काही होत नाही." शेजारीच एक आजी निवांत पाय पसरून बसल्या होत्या. पोरगं तेल चोळत होतं, आजी डोळे मिटून नाम घेत होत्या. तेल लावून झालं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून चालायला लागल्या. पुढे दमल्या तेव्हा दिंडीच्या ट्रकमध्ये बसल्या. त्याचीही त्यांना लाज नव्हती.

मी मात्र शेवटपर्यंत चाललो. रात्री सुजलेल्या पायाचा फोटो स्टेटसला टाकला. खाली दोन ओळी, विठ्ठलासाठी सगळं सोसायची वगैरे. खूप हात जोडलेले इमोजी आले. मला बरं वाटलं.

आता सांगा, त्या दिवशी आसुरी कोण होतं?

मी स्वतःला विनाकारण झोडपत नाहीये. वारीत चालणं चूक नाही, कष्टही चूक नाहीत. आजींच्या टाचांना माझ्यापेक्षा जास्त भेगा होत्या. फरक एवढाच की त्यांना विठोबा हवा होता आणि वाटेत दुखणं आलं. मला दुखणं हवं होतं, कारण ते दाखवता येत होतं. श्लोकातला दंभ हा शब्द मी राक्षसांसाठी राखून ठेवला होता. तो माझ्या फोनमध्ये होता.

याच अध्यायात पुढे चौदाव्या श्लोकात शरीराचं तप कशाला म्हणायचं ते सांगितलंय. देव, गुरू, ज्ञानी यांचं पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. नीट बघा, या यादीत दुखणं कुठेच नाही. उलट अहिंसा आहे, आणि ती फक्त दुसऱ्यांसाठी आहे असं म्हटलेलं नाही. सरळपणाही शरीराच्या तपात धरलाय. मला आधी कळायचं नाही, सरळपणा हा तर मनाचा गुण, तो शरीराच्या यादीत कसा? आता कळतं. लंगडत असताना "काही नाही, ठीक आहे" म्हणणं हा शरीराने केलेला खोटेपणा आहे.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट जवळजवळ संपली होती. त्यांनी पर्याय मांडले. नुसतं वाढलेलं हाड काढणं आता पुरेसं नव्हतं. सांधा कायमचा जोडून टाकला तर दुखणं थांबतं आणि ते टिकाऊ असतं, पण अंगठा वाकत नाही. इम्प्लांट बसवला तर वाकतो, पण तो झिजू शकतो, पुढे परत ऑपरेशन लागू शकतं. मी इम्प्लांट निवडला. देवापुढे गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून नमस्कार घालता यावा अशी इच्छा होती. ही भक्ती की हौस, तेही मला अजून नक्की सांगता येत नाही.

ऑपरेशन तसं लवकर झालं. खरी परीक्षा नंतर आली. पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा वर ठेवायचा, कडक तळाचा बूट घालून फक्त टाचेवर वजन द्यायचं. टाके निघाल्यावर दिवसातून अनेकदा अंगठा हाताने वर-खाली वाकवायचा, नाहीतर आतून आखडतो. ते मला नीट जमेना. आई म्हणाली, "आण इकडे." आणि खाली बसून तिने माझा पाय मांडीवर घेतला.

मी पाय ओढून घेतला.

ज्या आईच्या पाया पडून आपण घराबाहेर पडतो, तिने आपला पाय हातात धरायचा? मला ते पाप वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. आई म्हणाली, "अरे, हे पाय मी धुतलेत, मालिश केलीय, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं पाप?" मी गप्प बसलो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, हडपसरला त्या पोराला नको म्हणणारा आणि आईपुढून पाय ओढून घेणारा माणूस एकच होता. एकदा त्याने भक्तीचं कारण दिलं, एकदा संस्कारांचं. खरं कारण एवढंच की मला कोणाची गरज आहे हे मान्य करायचं नव्हतं.

भगवंत आत राहतात असं आपण म्हणतो. मग आईच्या हातात होता तो पाय फक्त माझा होता का?

अंगठा वाकवताना दुखायचं. म्हणजे दुखणं इथेही होतंच. मी फिजिओथेरपिस्टना विचारलं, किती दुखलं म्हणजे थांबायचं? त्या म्हणाल्या, "ताण बसल्यासारखं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत सूज आणि ठणका राहिला, तर तुम्ही व्यायाम नाही, हट्ट करताय." मला वाटलं, या सतराव्या अध्यायावरच बोलतायत. एकोणिसाव्या श्लोकात मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलंय.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झालं असतं. मी नमलो, सेवा घेतली, अहंकार गेला. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहिलं, व्यायाम झाल्यावर आई जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावते आणि क्षणभर डोळे मिटते. "गुडघा दुखतोय का?" "काही नाही रे, होतं एवढं."

काही नाही. माझंच वाक्य. मी ते कुठून शिकलो ते त्या दिवशी कळलं.

आपल्या घरांतून हे असंच चालत येतं. सोसणाऱ्याला आपण मोठं म्हणतो, विशेषतः आयांना. मग त्या सोसत राहतात आणि आपण त्यांचे गोडवे गात राहतो. त्यांच्याही आत तोच बसलाय ना? सेवा नाकारणं हा अहंकार, हे मी शिकलो होतो. सेवा डोळे मिटून घेत राहणं हीसुद्धा हिंसाच, हे शिकायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आई खुर्चीवर आणि माझा पाय समोरच्या स्टुलावर. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तिचा गुडघा दाखवायला गेलो. मी बुटात लंगडत, ती भिंत धरत. रिक्षावाले काका दोघांकडे बघून हसले.

आज ऑपरेशनला सात आठवडे झाले. सूज अजून आहे, ती काही महिने राहू शकते म्हणे. पुढच्या आषाढीला दिवे घाट चढेन की नाही, माहीत नाही. चढलो तर वाटेत कोणी पाय मागितला की देईन. नाही जमलं तर आजींसारखा ट्रकमध्ये बसेन, आणि त्याचा फोटो टाकणार नाही.

आजच्यासाठी एवढंच करूया. आज घरात कोणी "काही नाही" म्हणालं, तर तिथेच थांबून एकदा परत विचारायचं. आणि आपल्याला कोणी विचारलं, तर खरं सांगायचं.

राम कृष्ण हरी 🙏