दाराबाहेरचें लेकरूं

आपल्या लेकरांचें रक्षण करणें हा मातेचा पहिला धर्म होय, ह्याविषयीं आमच्या वाचकांपैकीं कोणी वाद घालील असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्या धर्माला सीमा आहे कीं काय, व असल्यास ती कोठें आहे, हा प्रश्न सोपा नाहीं. इ. स. १९६१ सालीं अमेरिकेंत तो घरोघर विचारला गेला. बर्लिन शहरावरून रशिया व अमेरिका ह्यांचा तंटा त्या वर्षीं विकोपास गेला होता. २५ जुलै रोजीं राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनीं भाषण करून लोकांस अणुयुद्धापासून बचावाची तयारी ठेवण्यास सांगितलें, आणि कित्येक कुटुंबांनीं घराखालीं किंवा अंगणांत तळघरें बांधण्यास आरंभ केला.

तळघर कशासाठीं, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अणुबाँब जमिनीजवळ फुटला म्हणजे माती आकाशांत उडते, विषारी होते, व वाऱ्याबरोबर दूरदूरच्या गांवांवर धुळीसारखी उतरते. तिच्यांतून निघणाऱ्या किरणांस मातीचा जाड थर बराच अडवितो. ह्या किरणांचा जोर ओसरण्याचा एक ढोबळ हिशेब आहे: काळ सातपट झाला कीं जोर दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासाच्या मानानें सात तासांनीं दहावा, सुमारें दोन दिवसांनीं शंभरावा, व दोन आठवड्यांनीं हजारावा. म्हणूनच दोन आठवड्यांचें अन्नपाणी सांठवावें असा उपदेश त्या वेळीं होत असे.

आतां त्या पंधरवड्यांत आईच्या मनाचें काय होत असेल ह्याचा विचार करा. पहिल्या तासांत भीतीवांचून दुसरें कांहीं नसतें; ती आपलीं मुलें मोजते, पुन्हां मोजते, आणि दार लावून घेते. त्या तासाला दार ठोठावणारा शेजारी तिला शत्रू वाटला तर आम्ही तिला दोष देणार नाहीं. दोन दिवसांनीं भीति थोडी निवते आणि राग येतो. नवऱ्यावर, राज्यकर्त्यांवर, पाणी सांडणाऱ्या पोरावर. पुढें दहाव्या दिवशीं, किरणांचा जोर बहुतेक ओसरलेला असतां, तिचा मुलगा विचारतो, "आई, दार वाजवीत होता तो कोण?" ह्या प्रश्नाचा जोर सातपट काळानें दहावा होत नाहीं.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत मॅक्ह्यू नांवाच्या एका येशूसंघी पाद्र्यांनीं 'अमेरिका' ह्या साप्ताहिकांत लिहिलें कीं, तळघरांत घुसूं पाहणाऱ्यास बळानेंही हांकून लावण्याचा गृहस्थास हक्क आहे. वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन ह्यांनीं ह्याचा कडक निषेध केला. आम्हांस बिशपसाहेबांचें म्हणणें पटतें. तरी पाद्र्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. हवा व पाणी मोजकें असतें. स्वतःचा प्राण देणें ही एक गोष्ट आणि आपल्या लेकराच्या वांट्याचें पाणी दुसऱ्यास देणें ही अगदीं निराळी गोष्ट. सारफथ येथील विधवेनें मडक्यांतलें मूठभर पीठ संदेष्ट्यास दिलें तेव्हां त्यांत तिच्या मुलाचाही घांस होता. तिला निदान वचन मिळालें होतें. तळघरांतील आईला तेंही नाहीं.

आमची तक्रार दुसरीच आहे. हा वाद बाँब पडल्यावर झाला नाहीं, शांततेंत झाला. ज्याला बंदुक तळघरांत ठेवण्यास सवड होती, त्याला आणखी चार हात खणण्यासही सवड होती. पहिल्या तासाच्या भीतीनें केलेलें कृत्य क्षमा करण्याजोगें असेल. पण तीच भीति आगाऊ धर्मनियम म्हणून शिकवावी, हें आम्हांस मान्य नाहीं. दार कोणास उघडावें हें खणतांनाच बहुतेक ठरून जातें. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें मोठ्या इमारतींतून सार्वजनिक आसऱ्यासाठीं जागांची पाहणी चालू केली, ती ह्या दृष्टीनें अधिक शहाणपणाची होती, जरी खऱ्या युद्धांत तिचा कितपत उपयोग झाला असता हा प्रश्न उरतोच.

कॅरल एमेन ह्या बाईंच्या कथेवरून लिन लिटमन ह्यांनीं १९८३ सालीं 'टेस्टामेंट' नांवाचा चित्रपट केला. त्यांतील आई कॅलिफोर्नियांतल्या एका लहान गांवीं आहे. नवरा कामानिमित्त सान फ्रान्सिस्कोस गेलेला, तो परत येत नाहीं. तिच्यापाशीं तळघर नाहींच. आरंभीं ती आपल्या तिघांस कवटाळून बसते. मग आईबाप न परतलेल्या एका मुलाला घरांत घेते. पुढें एका जपानी माणसाच्या पोरक्या, मंदबुद्धि मुलालाही घेते. तिचा धाकटा मुलगा जातो. नंतर मुलगी जाते, आणि ती स्वतः चादर शिवून तिचें प्रेत गुंडाळते. एकदां तर उरलेल्यांसह मोटारीच्या धुरानें मरावें म्हणून ती गाडींत जाऊन बसते, पण तिच्यानें तें होत नाहीं. शेवटीं तिच्यापाशीं दोघेच राहतात, एक पोटचा व एक परक्याचा. थोरल्याचा वाढदिवस येतो. केक नसतो, म्हणून ती साध्या बिस्किटांवर मेणबत्त्या लावते, आणि तिघेंही त्यांभोवतीं बसतात.