उभयतांचा निर्णय

आपल्या सभासद कुटुंबांतील तरुण शिक्षक-दांपत्यांपुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार उभा राहू लागला आहे. परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांत पतिपत्नींनी मिळून नोकरी पत्करावी काय, हा तो प्रश्न होय. घरातील मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेस निघाला की आपण पेढे वाटतो. शिक्षकाचे जोडपे निघाले की मात्र आपणांस एकाएकी पुंडलिकाची आठवण होते. हा भेद कोठून आला, याचा विचार पुढे येईलच. तूर्त एवढेच म्हणावयाचे, की हा केवळ वेतनाचा प्रश्न असता तर तो सोडविण्यास एक कागद व पेन्सिल पुरली असती. यात कर्तव्याचा भाग मोठा आहे, आणि तो भाग बहुधा जेथे शोधला जातो तेथे नसून दुसरीकडेच आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या शाळा कोणत्या, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या कचेऱ्या जिनिव्हा येथे उघडल्या. तेथे आलेल्या नाना देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी 1924 साली त्या शहरात एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे 1968 साली त्याच शहरी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली, आणि तिचे अभ्यासक्रम आज जगातील पुष्कळ देशांत, आपल्या देशातही, चालतात. मुत्सद्दी व कंपन्यांचे अधिकारी दर तीन-चार वर्षांनी देश बदलतात. त्यांची मुले या शाळांत असतात, आणि आता कित्येक ठिकाणी त्या त्या देशातील सधन लोकांचीही असतात. शिक्षकाशी होणारा पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो. राहावयास घर, वर्षातून एकदा विमानाचे भाडे, वैद्यकीय विमा आणि एकदोन मुलांची फी माफ, असा त्याचा सर्वसाधारण आकार. एका घरात दोन शिक्षक मावतात, म्हणून शिक्षक-दांपत्य शाळेस परवडते व हवेहवेसे वाटते.

परंतु दोघांनाही जागा मिळेलच असे नाही. एकाचाच विषय शाळेस हवा असतो. अशा वेळी एकाचे नाव शिक्षक म्हणून लिहिले जाते आणि दुसऱ्याच्या नावापुढे कागदोपत्री ‘आश्रित’ असा शब्द पडतो. अनेक देशांत त्या दुसऱ्याचा राहण्याचा हक्कच पहिल्याच्या नोकरीला बांधलेला असतो. पहिल्याची नोकरी गेली की दोघांनीही सामान बांधावयाचे. त्याने स्वतः काम करावयाचे म्हटले तर पुष्कळ ठिकाणी वेगळा परवाना लागतो.

या ‘आश्रित’ शब्दापाशी आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न येऊन थांबतो.

एक जोडपे कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. दोघेही बडोद्यात शिक्षक आहेत. ती बारावीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकविते. तो एका अनुदानित शाळेत संस्कृत व मराठी शिकवितो, आणि त्याची बारा वर्षे सेवा झाली आहे. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांस मागणी आहे. तिला बोलावणे येते. मराठी आणि संस्कृत त्या शाळेत कोणास नको आहे. जावयाचे झाले तर आश्रित होणार तो. आता वाचकांनी आपल्या मनाशी प्रामाणिकपणे पाहावे: हे ऐकून ‘छे, हे कसे जमेल?’ असे प्रथम मनात आले की नाही? आणि याच गोष्टीत दोघांचे विषय अदलाबदल केले असते, पदार्थविज्ञान त्याचे आणि संस्कृत तिचे असते, तर तोच प्रश्न मनात आला असता काय? बहुधा नाही. ‘तिला काय, नोकरी सोडील, घर पाहील,’ असे कोणीतरी सहज म्हटले असते, आणि त्यात त्या बाईची बारा वर्षे गेली हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. ज्यास आपण पत्नीचा धर्म म्हणतो तो पतीला लावून पाहिला, की त्यात धर्म किती आणि सवय किती हे दिसू लागते.

येथे कोणी सीतेचा दाखला देतील. पतीमागून वनात जाणारी म्हणून तिचे नाव घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु मूळ कथेत राम तिला अयोध्येतच राहण्यास सांगतो, वनातील दुःखे वर्णन करतो, आणि ती त्याचे म्हणणे खोडून काढून निघते. म्हणजे सीतेचे जाणे हे आज्ञापालन नव्हे. तो तिचा स्वतःचा, पतीशी वाद घालून केलेला निर्णय आहे. त्याच दिवशी ऊर्मिला मागे राहिली. तिला कोणी काही विचारले, असे वाल्मीकि सांगत नाही. जाणाऱ्यांच्या कीर्तीत आपण इतके रमतो की न विचारलेल्या माणसाचे दुःख दिसावयास नंतरच्या कवींची वाट पाहावी लागते. आणि सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे मानले आहे, हे लग्नात अक्षता टाकणाऱ्यांच्या लक्षात राहतेच असे नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण या प्रश्नाला फार जवळचे आहे. गोपाळराव जोशी कोल्हापुरास पोस्टात असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यामार्फत चौकशी केली होती, की आपण उभयतां अमेरिकेस आलो तर पत्नीच्या शिक्षणाची व आपल्या नोकरीची काही सोय होईल काय. ख्रिस्ती होण्याचा उपदेश उत्तरादाखल मिळाला, सोय झाली नाही. पुढे एका अमेरिकन बाईंनी तो छापलेला पत्रव्यवहार वाचला, आणि एप्रिल 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत भाषण केले. लोक विचारीत होते ते प्रश्न त्यांनी एकेक घेतले. त्यांत ‘एकटी का जातेस?’ हाही होता. पतीवर घरच्या माणसांचा भार आहे, तो टाकून त्यांना येता येणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. गोपाळरावांचा आग्रह व हट्टी स्वभाव सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या विवाहात सख्य किती व हुकूम किती, यावर मतभेद होऊ शकतो. तरी त्या सभागृहात उभे राहून कारणे सांगणारी व्यक्ती दुसऱ्या कोणाच्या सामानाबरोबर जात नव्हती. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जाणे चुकले की बरोबर ठरले, हे फळावरून ठरवावयाचे तर त्या वर्षभराचे काय उत्तर देणार? निर्णय कसा झाला, एवढेच आपण पारखू शकतो.

आता मुख्य अडचण. दोघांच्या सभेत बहुमत होत नाही. एक ‘जाऊ’ म्हणतो, दुसरा ‘नको’ म्हणतो. कोणाचे मत जड धरावे? आम्ही पुष्कळ विचारांती या मताचे झालो आहो, की निघतेवेळी ‘नको’चे वजन अधिक धरावे. ‘जाऊ’ म्हणणाऱ्याचे मत मानले नाही तर त्याची एक संधी जाते, आणि अशा शाळांची भरती दरवर्षी होते. ‘नको’ म्हणणाऱ्याचे मत डावलले तर त्याचे काम, सेवाज्येष्ठता, ओळखीची माणसे आणि स्वतःच्या कमाईचे चार पैसे ही सर्व एकदम जातात, आणि त्यांतील सेवाज्येष्ठता तर परत येतच नाही. दोन हानी समान नाहीत.

यावर आक्षेप येईल की अशाने भित्रा मनुष्य नेहमीच जिंकेल, आणि एकाच्या भयाने दुसऱ्याचे आयुष्य कोंडून जाईल. आक्षेप खरा आहे. त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही, अर्धे आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे, आणि कारण तपासता आले पाहिजे. ‘मी दिवसभर तेथे काय करू?’ हे कारण असेल तर शोध घ्यावा. मस्कत, दुबई, दोहा अशा शहरांत भारतीय अभ्यासक्रमाच्याही शाळा आहेत. तेथे भारतीय भाषांच्या शिक्षकास कदाचित कमी वेतनावर का होईना, जागा मिळण्याचा संभव असतो. ‘आईचे कोण पाहील?’ हे कारण असेल तर ते बहुधा भय नसते, वस्तुस्थिती असते. ‘बायकोच्या जिवावर राहतो असे लोक म्हणतील’ हे कारण असेल, तर त्यास आम्ही काडीचेही वजन देत नाही. लोक पुष्कळ म्हणतात. ते दोन वर्षांत दुसरा विषय शोधतात.

सर्वांत धोक्याचे उत्तर मात्र ‘नको’ हे नव्हे. ‘तुम्ही म्हणाल तसे’ हे होय. ते ऐकून कित्येक पतिराज सुखावतात आणि अर्ज भरावयास बसतात. आमच्या मते ती संमती नव्हेच. तिने स्वतःच्या तोंडाने ‘मला जावयाचे आहे, या कारणासाठी’ असे म्हणेपर्यंत थांबावे. तद्वतच, परदेशी पोचल्यावर वजनाची बाजू बदलते. राहण्याबद्दल दोघांचे दुमत झाले, तर ‘परत जाऊ’ म्हणणाऱ्याचे अधिक ऐकावे. आश्रित म्हणून राहणाऱ्याला हे आधीच ठाऊक असेल तर तो पाहुण्यासारखा नव्हे, भागीदारासारखा राहील.

आईवडिलांचा प्रश्न उरतोच. 2007 साली आपल्या देशात ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यायोगे मुलांकडून निर्वाहाचा खर्च मिळविता येतो. रात्री दोन वाजता पाणी देणारा हात कोणताही कायदा देऊ शकत नाही. शाळेच्या करारात बायकोमुले येतात, आईवडील सहसा येत नाहीत. ते फार तर पाहुणे म्हणून दोन-तीन महिने जाऊन येतात. म्हणून त्यांच्याशी खरे बोलावे, एवढी आमची मागणी आहे. ‘दोनच वर्षे’ असे सांगून जाणारी जोडपी करार वाढवीत वाढवीत दहा वर्षे राहतात. त्यात कपट नसते. मुलाची इयत्ता मध्येच येते, कर्ज थोडे उरलेले असते. पण म्हाताऱ्यांनी दोन वर्षे मोजलेली असतात. उलट वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. ‘जा रे, आमचे काय!’ असे निरोप देताना म्हणावयाचे आणि मग दर रविवारी फोनवर खोकावयाचे, हे बरे नव्हे. नको असेल तर आधी, स्पष्ट शब्दांत सांगावे. ते सांगण्यात स्वार्थ नाही.

आता तो पेढ्यांचा भेद. शिक्षक गेला तर येथील मुलांचे काय, ही भावना त्यामागे आहे, आणि ती आदरणीय आहे. तथापि बडोदेकरांनी तरी ती जरा जपून बोलून दाखवावी. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात कोकण-देश सोडून येथे आले. इंदूर-ग्वाल्हेरची घराणी होळकर-शिंद्यांबरोबर गेली. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अरविंद घोषांसारखे अध्यापक बाहेरूनच येऊन बडोदे कॉलेजात शिकवीत होते. आपण स्थलांतराचे फळ सात-आठ पिढ्या खाल्ले आहे. शिक्षक शाळेचा वेठबिगार नव्हे. परंतु वर्ष अर्धे झाले असता, दहावी-बारावीचा वर्ग हातात असता निघून जाणे हे करारभंग असो वा नसो, अन्याय आहे. तोच नियम तिकडेही लागू आहे. दर तीन वर्षांनी मित्र व घर गमावणारी तेथील मुले श्रीमंत असली तरी मुलेच आहेत, आणि वर्षाच्या मध्यात नाहीसा होणारा शिक्षक त्यांनाही बोचतो. सरकारी व अनुदानित शाळेतील शिक्षकाचे ऋण थोडे अधिक आहे, कारण त्याची रिकामी जागा लवकर भरत नाही. त्याने पुरेशी आधी सूचना द्यावी.

मुलांची मराठी सुटेल, या भीतीबद्दल फार लिहीत नाही. रस्त्यावर गुजराती आणि घरात मराठी, हे आपण इतक्या पिढ्या केले आहे. ज्यांना करावयाचे ते तेथेही करतील.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या शाळांची भरती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते. नेमणुकीचे पत्र आले की कित्येकदा मोजक्या दिवसांत होकार कळवावा लागतो. त्या घाईत दोघांपैकी जो अधिक उत्सुक असेल त्याचेच ऐकले जाते, आणि दुसरा गप्प राहतो. म्हणून हे सर्व बोलणे अर्ज धाडण्यापूर्वीच, दसरा-दिवाळीच्या सुटीत, आईवडील घरात असताना आणि कोणाच्याही हातात पत्र नसताना झालेले बरे. प्रथम बोलावे ते ज्याच्या विषयाला तेथे मागणी नाही त्याने.