मिरवणुकीची वाट

इंदूर तेव्हा होळकरांचं होतं आणि शहरात प्लेग ठाण मांडून बसला होता. घरात उंदीर मरून पडला की माणसं हादरत, पण तपासणीला येणाऱ्या सरकारी माणसाची धास्ती त्याहून मोठी. त्यात नवल नव्हतं. वीसच वर्षांपूर्वी, १८९७ साली, पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर रोगी हुडकत देवघरापर्यंत बुटांनिशी शिरले होते. लोक रोगी लपवू लागले. पुढे रँड मारला गेला, प्लेग राहिला.

१९१७ साली पॅट्रिक गेडिस हा दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक नगररचनेच्या कामासाठी इंदुरात आला. नकाशा घेऊन तो गल्लीबोळांत हिंडू लागला, तशी माणसं दारं लावून घेऊ लागली. हाच प्लेग आणणारा साहेब, अशी त्यांची समजूत!

गेडिसनं दरबाराकडे एक दिवसाचं महाराजपद मागितलं. मिळताच दवंडी पिटली : यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. जी वाट सगळ्यांत स्वच्छ, तिथून जाणार.

झालं! कोणाच्याही घरात शिपाई शिरला नाही, तरी घराघरातला कचरा बाहेर निघाला. भिंतींना चुना लागला, सापळ्यांत उंदीर पडू लागले. शेजारची गल्ली आपल्यापुढे जाईल, ही भीती प्लेगच्या भीतीपेक्षा कामाची ठरली.

पण नुसती चुरस लावून भागलं नसतं. काढलेला कचरा फुकट वाहून न्यायला गाड्या होत्या. त्या नसत्या तर सगळी घाण गल्लीच्या तोंडाशी साचली असती आणि लोकांनी दवंडीवाल्यालाच शिव्या घातल्या असत्या. आपली गल्ली कशी ठेवायची हे गल्लीनं ठरवावं आणि त्याला लागणारी साधनं वरून यावीत. आरोग्याची घडी बसते ती दोन्ही मिळून.

मग निघाली मिरवणूक. हत्ती-घोडे होतेच, पण मान होता सफाई कामगारांना. पांढरे स्वच्छ कपडे, गळ्यात हार, रंगवलेल्या गाड्या. ज्यांची सावली लोक टाळत, त्यांना त्या दिवशी भर रस्त्यात नमस्कार झाले. मागून घाणीचा राक्षस आणि प्लेगचा एक अगडबंब उंदीर आला; शेवटी दोघांनाही जाळलं. घरोघरी तुळशीची रोपं वाटली गेली. ही हकीकत पुढे खुद्द गेडिसच सांगे, तेव्हा तिला थोडा मीठमसाला लागलेला असणार. प्लेग ओसरला खरा. त्यात झाडूचं श्रेय किती आणि ऋतूचं किती, हा वाद वैद्यांनी घालावा. गेडिसला पाहून दारं लावणं मात्र थांबलं.

गल्लीनं ठरवावं आणि साधनं वरून यावीत, ही घडी आज कितपत बसली आहे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं सार्वजनिक आरोग्य आणि सफाई ही कामं नगरपालिकांच्या यादीत घातली, तीन लाख वस्तीच्या आणि त्याहून मोठ्या शहरांना वॉर्ड समित्या सांगितल्या. यातले किती अधिकार आणि किती पैसा खाली द्यायचा, हे मात्र राज्यांवर सोडलं. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टर नसला की लोक गाऱ्हाणं घेऊन नगरसेवकाच्या दारी जातात, आणि डॉक्टर नेमणं बहुधा त्याच्या हातात नसतं.